शांतता! नाना गात आहेत

अचानक चार पैसे हातात आले की माणसाला एक तर भूक लागते, नाही तर छंद लागतो. 2024 साली आम्हां बँकवाल्यांचा बारावा वेतनकरार झाला आणि नोव्हेंबर 2022 पासूनची थकबाकी खात्यात पडली, तेव्हा मला हा दुसरा आजार झाला. वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून लोकांचे पैसे मोजलेला माणूस मी. स्वतःचे मोजायची वेळ आली की मला अंगठा ओला करायचा स्पंजच सापडत नाही. तरी मोजले. मोजून होईपर्यंत सौभाग्यवतींनी त्यांचं वाटपही करून टाकलं होतं. कन्येची कॉलेजची फी, बाथरूमची गळती, नवा मिक्सर, नानांची कवळी (नानांनी कवळी नाकारली; "चण्याफुटाण्यांशी माझं आता काही देणंघेणं राहिलेलं नाही," म्हणाले) असं करत करत शेवटी 'इतर' या सदरात पाच हजार रुपये उरले. ताळेबंदात 'इतर' हे सदर फार महत्त्वाचं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, मला विचारा. जे कुणालाच समजावून सांगता येत नाही, ते तिथे जातं.

"या पाच हजारांत मी नानांचं गाणं रेकॉर्ड करणार," मी जाहीर केलं.

"आजोबा गातात?" कन्येनं विचारलं.

तिचं चुकलं नव्हतं. नाना म्हणजे माझे वडील. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांवर मोतीबिंदूनंतरचा चष्मा, आणि दिवसभरात बोलणं एकूण दहा-बारा वाक्यं, त्यातली चार टीव्हीशी. पण पस्तीस वर्षं हा माणूस डोंबिवलीहून आठ-बाराच्या फास्ट लोकलनं व्ही.टी.ला जात होता (स्टेशनचं नाव 1996 साली बदललं, 2017 साली त्यात 'महाराज' आले, नानांच्या तोंडात मात्र अजून व्ही.टी.च आहे), आणि पस्तीस वर्षं त्यानं त्या डब्यात भजन म्हटलं. ज्यांनी मध्य रेल्वेनं प्रवास केलाय त्यांना हे लोकलमधलं भजन सांगायला नको. ज्यांनी केला नाही त्यांना सांगून पटणार नाही. जिथे माणसाला नाक खाजवायला हात वर काढता येत नाही, तिथे दहा माणसं टाळ वाजवतात. नाना गायचे. एक काका पखवाज वाजवायचे. बाकीचे डब्याच्या पत्र्यावर ठेका धरायचे, आणि ज्याला पत्रा मिळत नसे तो पुढच्याच्या जेवणाच्या डब्यावर. भायखळा गेलं की भैरवी, म्हणजे व्ही.टी. येईपर्यंत आरती होऊन बत्तासे वाटून व्हायचे. नाना 2004 साली निवृत्त झाले आणि गाडीबरोबर गाणंही सुटलं.

आता या ठिकाणी मला एक कबुली दिली पाहिजे. बँकेत कॅश कमी भरली तर ती संध्याकाळी काउंटर बंद करण्यापूर्वी सांगावी लागते. मी माझी तूट सांगायला बत्तीस वर्षं घेतली.

नानांचं गाणं एकदा रेकॉर्ड झालं होतं. 1989 साली आमच्याकडे सत्यनारायण होता, लोकलमधलं अख्खं मंडळ जेवायला आलं होतं आणि मस्कतचा मामा टू-इन-वन घेऊन आला होता. साठ मिनिटांची कोरी कॅसेट. बाजू अ, नाना आणि मंडळी. बाजू ब, नाना आणि मंडळी, शेवटी पुरणपोळीमुळे किंचित मंद. मामा मस्कतला परत जाताना टू-इन-वन आमच्याकडेच ठेवून गेला. नानांनी त्या कॅसेटच्या पाठीच्या कडेवरचे दोन्ही प्लास्टिकचे चौकोन खिळ्यानं तोडून टाकले. जुन्या मंडळींना आठवत असेल, हे चौकोन तोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नसे. प्रत्येक बाजूला एक, अशी ही व्यवस्था होती, चेकवर 'अकाउंट पेयी'च्या दोन रेघा मारतात तशी. आणि त्या रेघांवरचा तोडही प्रत्येक शाळकरी पोराला माहीत होता: तुटलेल्या खळग्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा.

1992 च्या मे महिन्याच्या सुट्टीत, वर्ल्ड कप नुकताच संपलेला असताना, वयाच्या बाराव्या वर्षी मी तो तुकडा चिकटवला. दोन्ही बाजूंना. आणि कपाटाच्या आड बसून साठ मिनिटं क्रिकेटचं धावतं वर्णन केलं. सामना भारत विरुद्ध पाकिस्तान. स्थळ आमच्या बिल्डिंगचं अंगण. अकराव्या षटकात मी फलंदाजीला आलो आणि शेवटपर्यंत बाद झालो नाही. प्रेक्षकांचा जल्लोषही मीच केला होता. झाल्यावर सेलोटेप काढून टाकली, कॅसेट होती तशी डबीत ठेवली, आणि तेव्हापासून ती डबी दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. नाना कधी काही बोलले नाहीत. त्यांनी ती पुन्हा लावून पाहिलीच नसावी, अशी मी समजूत करून घेतली. टू-इन-वन पुढं भंगारात गेला, आणि मी सुटलो.

तर, पाच हजार.

आमचा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो आला आणि त्यानं मला ज्ञान दिलं. म्हणाला, मामा, घरी रेकॉर्डिंग करणं आता कमीपणाचं राहिलेलं नाही. अमेरिकेत बिली आयलिश नावाची मुलगी आहे, तिनं 2019 चा आपला पहिला अल्बम भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच्याही आधी, 1982 साली, ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाच्या गायकानं घरातल्या खोलीत बसून, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या यंत्रावर, 'नेब्रास्का' नावाची आख्खी रेकॉर्ड केली होती. मी म्हटलं, बाबा रे, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीखालून कर्जत फास्ट जात नव्हती. पण मनातून बरं वाटलं. शिवाय मलाही एक गोष्ट आठवली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाची सुरुवातच मुळी परक्या खोलीत झाली. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला, हॉटेलच्या खोलीत त्यानं आपलं यंत्र मांडलं आणि गौहरजानला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायला लावलं. मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. विजेवरचं रेकॉर्डिंग 1925 साली आलं. तबकडी तीनेक मिनिटांत संपायची, तेवढ्यात राग मांडायचा, आवरायचा आणि शेवटी स्वतःचं नावही सांगायचं. ते सगळं त्या बाईनं केलं. तेव्हा नानांना कर्ण्याशिवाय गायला काय हरकत आहे?

यानंतर भाच्यानं 'फँटम पॉवर' हा शब्द उच्चारला. स्टुडिओतल्या चांगल्या मायक्रोफोनला 48 व्होल्टची ही वीज वेगळ्या पेटीतून द्यावी लागते म्हणे. फँटम म्हणजे भूत हे मला 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे माहीत होतं, आणि भुताटकीची ही पेटीच पाच हजारांच्या वर जात होती. शेवटी थेट कॉम्प्युटरलाच जोडता येतो असा यूएसबी मायक्रोफोन ठरला. वही काढतो: मायक्रोफोन 2,799. टेबलावर ठेवायचा स्टँड 450. तोंडापुढची जाळी, कारण 'प' आणि 'भ' म्हटलं की हवेचा फटका बसतो आणि पांडुरंगाच्या भजनात 'प' टाळता येत नाही, 250. पण जाळी भाच्यानं घेऊ दिली नाही. भरतकामाच्या गोल रिंगवर सौभाग्यवतींचा जुना पायमोजा ताणून बसवला. शिल्लक खर्च 0. कॉम्प्युटर कन्येचा लॉकडाऊनमधला. सॉफ्टवेअर 'ऑडॅसिटी', जे 2000 सालापासून लोकांना फुकट मिळतंय. फुकट म्हटल्यावर मी तीन वेळा वाचून खात्री केली. बँकेत आम्ही फुकट म्हणतो तेव्हा खाली बारीक अक्षरांत काहीतरी असतं.

पहिल्याच चाचणीत कळलं की असा मायक्रोफोन हे गाणं ऐकण्याचं साधन नसून शेजार ऐकण्याचं साधन आहे. माणसाचा कान फार सोशिक. पंखा, फ्रीज, नळाचं टिपटिप, पोटमाळ्यावरची कबुतरं, या सगळ्यांकडे तो दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. मायक्रोफोनला संसार नसतो, त्यामुळे त्याला दुर्लक्ष करता येत नाही. दोन मिनिटांच्या त्या चाचणीत नानांनी दोन ओळी म्हटल्या होत्या, त्याबरोबर आम्हांला मिळालेला ऐवज असा: एक कर्जत, एक स्लो ठाणे, शेजारच्या काकूंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, वरच्या मजल्यावर ड्रिल, "भंगाऽर" ही ध्वनिमुद्रित आरोळी (म्हणजे भंगारवाल्याचं रेकॉर्डिंग आमच्याआधी झालेलं होतं आणि स्पष्टही होतं), आणि सौभाग्यवतींचा "झालं का?" नानांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कुकर काळी दोनमध्ये आहे."

मग कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे ट्रे. भिंतीला पुठ्ठ्याचे ट्रे लावले की आवाज बंद. मी नाक्यावरच्या अंडेवाल्याकडून चाळीस रिकामे ट्रे आणले आणि बैठकीच्या खोलीत रचून ठेवले. सकाळी नाना उठून बाहेर आले. माळ घातल्यापासून ज्या माणसानं कांदा-लसणाच्या भजीकडे मान फिरवली, त्याच्या घरात पहाटे अंड्यांची चाळीस मजली चळत! ते काही बोलले नाहीत. नुसतं ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन पुन्हा आंघोळ केली. दुपारपर्यंत बिल्डिंगमध्ये मी अंड्यांचा होलसेल धंदा सुरू केल्याची बातमी पसरली. संध्याकाळी सेक्रेटरी विचारून गेले, दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून, सेवाशर्तींप्रमाणे कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही याची आठवण दिली आणि वर डझनाचा भाव विचारला. त्याच रात्री भाच्याचा फोन आला: मामा, ट्रेंचा काही उपयोग नाही. आवाज अडवायला वजन लागतं, भिंतीसारखं. पुठ्ठ्यातून तो सरळ पलीकडे जातो. ट्रे परत द्यायला गेलो तर अंडेवाला म्हणाला, साहेब, रिकामे परत घेत नाही.

खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज मारायला मात्र मऊ आणि जाड काहीतरी हवं असतं. त्याला आईच्या गोधड्या कामी आल्या. आईनं आयुष्यभरात जुन्या लुगड्यांच्या अकरा गोधड्या शिवल्या आहेत. त्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर तिन्ही बाजूंनी टांगल्या. आत नाना, त्यांची बाजाची पेटी आणि मायक्रोफोन. पेटीचा आवाज गळ्यापेक्षा दांडगा, आणि मायक्रोफोन एकच. म्हणून मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि पेटी जरा बाजूला सरकवलेली. मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे, कारण हा प्रकार समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतो. (हा गुण मला आमच्या ब्रँचमध्ये बऱ्याच जणांत आढळला आहे.) टाळी वाजवून पाहिली. आश्चर्य! टाळी वाजली आणि तिथल्या तिथे मेली. घुमणं गेलं. कर्जत फास्ट तेवढी राहिली.

"यात मला पुरलंय का?" गोधड्यांच्या आतून नानांचा आवाज आला. मे महिना. पंखा बंद. आई म्हणाली, "त्यांना बाहेर काढ आधी, गाणं नंतर वाचवू."

ऑडॅसिटीत खरखर काढायची एक युक्ती आहे. गाण्याच्या आधी चार-पाच सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची. मग कॉम्प्युटरला सांगायचं, ही बघ आमच्या घरची शांतता, ही सगळीकडून वजा कर. कॉमर्सवाल्याला पटेल असा हिशोब आहे. पण त्यासाठी पाच सेकंद शांतता लागते. डोंबिवली स्टेशनजवळ पाच सेकंद शांतता! मी तीन दिवस दबा धरून बसलो. चौथ्या सेकंदाला काहीतरी व्हायचंच. शिवाय वजाबाकी जास्त केली की गाणारा पाण्याच्या टाकीत बसून गातोय असं वाटतं. नानांचा एक अभंग मी तसा धुऊन काढला, तर आई ऐकून म्हणाली, "यांना सर्दी कधी झाली?"

उरली रात्र. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत. नानांना तसंही तीनला जाग येते. तेव्हा एका शनिवारी रात्री दोनचा गजर लावला. पंखा बंद, फ्रीज बंद. भाच्यानं बजावलं होतं की फ्रीज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे चालू करायचं विसरणार नाही. जगभरचे रेकॉर्डिंगवाले असंच करतात. मी स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. (दुसरा दिवस रविवार होता हे भाच्याच्या युक्तीत धरलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी किल्ली शोधत होतो आणि सौभाग्यवती नासलेल्या दुधाचं कारण शोधत होत्या. दोघांना उत्तर एकाच ठिकाणी मिळालं.)

रात्रीचे अडीच. शांतता म्हणजे काय ती मी आयुष्यात पहिल्यांदा डोंबिवलीत ऐकली. मी लाल बटण दाबलं आणि बोटानं खूण केली. नानांनी पेटीवर सूर धरला. पूर्वी ते काळी दोनमध्ये गायचे, आता पांढरी एकवर आले होते. "वेतनश्रेणी उतरली," म्हणाले. गायला लागले. आवाज बारीक झाला होता, पण सुरात होता. आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडखळले. तिसऱ्यांदा तर शब्दच विसरले. जे शब्द त्यांनी मशीद बंदर आणि सँडहर्स्ट रोडच्या मध्ये लोंबकळत, पायावर दुसऱ्याचा पाय असताना, कधी चुकवले नव्हते ते.

"राहू दे," ते म्हणाले. "पाय ठरत नाही. ठेका कुठाय?"

मी टेबलावर ठेका धरून पाहिला. नानांनी नम्रपणे हात जोडले. माझा ठेका नोटा मोजण्याचा आहे.

आम्ही तसेच बसून राहिलो, गोधड्यांच्या आत, बाप आणि मुलगा, दोघंही बनियनवर. मला वाटलं आता सांगून टाकावं. मी घसा साफ केला. "नाना, ती 1989 ची कॅसेट..."

"तू सचिनला रनआऊट केलंस," नाना म्हणाले, "ते मला आवडलं नव्हतं."

मला आधी कळेचना. "कुठे?"

"कॅसेटमध्ये. अर्धशतकाला दोन धावा हव्या होत्या त्याला. तू कॉल दिलास आणि माघारी फिरलास. वर समालोचनात चूक त्याचीच सांगितलीस."

बत्तीस वर्षं! "तुम्ही ऐकली होती?"

"जुलैमध्येच. पखवाजवाले गेले ना त्या वर्षी, आषाढीच्या आधी. तेराव्याला त्यांचा मुलगा भेटला, म्हणाला बाबांचं वाजवणं तेवढं एका तुमच्याच कॅसेटवर आहे, ऐकायला द्याल का. म्हणून काढून लावली."

मी काही बोलू शकलो नाही. पखवाजवाले काका मला आठवत होते. लोकलमध्ये पखवाज आडवा धरायला जागा नसायची म्हणून तो मांडीवर उभा धरून एका बाजूला वाकून वाजवायचे. मला ते रावळगाव चॉकलेट द्यायचे.

"मग काय सांगितलंत त्याला?"

"उंदरांनी कुरतडली म्हणून सांगितलं." नानांनी चष्मा काढून बनियनला पुसला. "माळ घातल्यानंतर बोललेलं खोटं ते. एकच."

"मला का नाही ओरडलात?"

"ओरडणार होतो. दोन दिवस ठरवत होतो. पण ती पूर्ण ऐकायला घेतली, कुठे आमचा तुकडा शिल्लक असेल म्हणून, तर तू मध्येच सांगितलं होतंस, 'आता चहापानाची वेळ झाली आहे, आमच्या आई हाका मारत आहेत.' मग ओरडता येईना." थोडं थांबून म्हणाले, "आहे ती अजून. माझ्या पंढरपूरच्या पिशवीत."

बाहेर कोकिळा ओरडली. साडेतीन वाजता. कोकिळेलाही गजर लावायची सवय आहे हे मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवर लाल दिवा तसाच चालू होता. ते संभाषण आमच्याकडे अतिशय स्वच्छ, खरखर नसलेलं, असं रेकॉर्ड झालेलं आहे. आमच्या पाच हजारांतलं तांत्रिकदृष्ट्या सर्वोत्तम काम तेच. ते मी कुणाला ऐकवलेलं नाही.

नंतरच्या रविवारी दुपारी मी सामान आवरायला घेतलं. गोधड्या उतरवल्या, पंखा लावला, खिडकी उघडली. मायक्रोफोनची वायर गुंडाळणार एवढ्यात नानांनी सहज पेटी ओढली. आमची खिडकी स्टेशनच्या कल्याणकडच्या टोकाला आहे. रूळ आता सलग जोडलेले असतात, त्यामुळे जुनी खडाक-खडाक धावपट्टीभर ऐकू येत नाही. पण आमच्या समोर सांधे आहेत, तिथे गाडी रूळ बदलते आणि बारा डबे एकापाठोपाठ एक आपटत जातात. तशी एक गाडी आली. नानांचा डावा पाय हलायला लागला. मग मान. आणि मग त्यांनी जो सूर लावला, तो पांढरी एक नव्हता. काळी दोन. मी वायर टाकली आणि बटणावर पडलो.

सतरा मिनिटं नाना गायले. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत पेटीवर आलाप खेळवत राहायचे, प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यासारखे, आणि गाडी आली की चढायचे. रविवारचं वेळापत्रक, गाड्या कमी. एकदा तर स्लोची वाट बघत त्यांनी एकच ओळ नऊ वेळा म्हटली, आणि दर वेळी निराळी म्हटली. काकूंचा कुकर झाला, भंगारवाला येऊन गेला. आई केव्हा येऊन दारात टाळ घेऊन बसली ते मला कळलं नाही. दोन ठिकाणी नाना कडवं संपवून नुसते थांबले. पुढं गेले नाहीत. हात पेटीवर, डोळे मिटलेले, आठ मात्रा गेल्या, सोळा गेल्या, मग समेवर बरोबर उचललं. मला वाटलं, विसरले. नंतर विचारलं.

"तिथे पखवाज असतो," नाना म्हणाले.

भाच्यानं फाइल ऐकली. म्हणाला, मामा, परफॉर्मन्स एक नंबर आहे, पण गाड्या फार आहेत, थोड्या कमी करून देऊ का? आणि मध्ये दोन ठिकाणी रिकामं आहे ते कापलं तर सलग होईल. मी म्हटलं, काही कापू नकोस. फक्त शेवटी सौभाग्यवतींचा "झालं का?" आहे, त्याचं काय करायचं ते त्यांनाच विचार. त्यांनी तोही ठेवायला सांगितला.

आता प्रतींचा प्रश्न. एक कॉम्प्युटरवर, एक भाच्याकडे, एक पेनड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या पेनड्राइव्हवर, जी नानांनी मागून घेतली. पखवाजवाल्यांचा मुलगा आता बदलापूरला असतो. तो स्वतः निवृत्तीला आलाय. पुढच्या एकादशीला आपण दोघं जाऊ, म्हणाले. कॅसेटही घेऊन जाऊ. उंदरांबद्दल त्याला सांगायचंय. मी म्हटलं, तिथे मी काय तोंड दाखवू? म्हणाले, "तू समालोचन कर."

मग त्यांनी ती पेनड्राइव्ह हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली, नखानं कडा चाचपून पाहिल्या.

"याचं मागचं प्लास्टिक कुठून तोडायचं?"

"नाना, याला तसं नसतं. काळजी करू नका. चार ठिकाणी कॉपी आहे."

"हं." त्यांनी ती पंढरपूरच्या पिशवीत, कॅसेटशेजारी ठेवली, पिशवीची नाडी आवळली, वर दुहेरी गाठ मारली. आणि पलंगावर आडवं होता होता विचारलं,

"घरातली सेलोटेप कुठे असते हल्ली?"